मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकडे मराठीत अक्षरी लिहून देणारा एक छोटा प्रोग्राम मी काही वर्षं सांभाळतोय. ४७,३५९ टाकले की ‘सत्तेचाळीस हजार तीनशे एकोणसाठ फक्त’ असं येतं. पावत्या फाडणारे, चेक लिहिणारे लोक तो वापरतात. मला वाटलं होतं, पत्रं येतील ती एकोणसाठ-एकोणसत्तरच्या घोळाबद्दल. प्रत्यक्षात येतात ती लायसन्सबद्दल, म्हणजे असा प्रोग्राम कोणी कोणत्या अटींवर वापरायचा, बदलायचा, वाटायचा याच्या परवान्याबद्दल. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी प्रोग्रामर आहे, वकील नाही. नोकरी किंवा मोठी रक्कम अडकली असेल तर कागद वकिलाला दाखवा.

१. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअरच ना?

नाही. फुकट ही किंमत झाली, मुक्त ही परवानगी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे तिकडच्या मंडळींना चाळीस वर्षं खुलासे करत बसावं लागलंय. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आयते असूनही आपण तोच घोळ घालतो, याचं मला नवल वाटतं. व्हॉट्सॲप फुकट आहे, पण मुक्त नाही: तुम्ही ते उघडून, बदलून, बदललेलं शेजाऱ्याला देऊ शकत नाही.

अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा प्रकल्प जाहीर केला, तिथून ही चळवळ सुरू झाली. तिच्या व्याख्येत चार मुभा आहेत आणि मोजणी प्रोग्रामरांना साजेशी, शून्यापासून आहे. शून्य, प्रोग्राम कोणत्याही कामासाठी चालवायची. एक, तो आतून कसा चालतो ते पाहून बदलायची. दोन, प्रती वाटायची. तीन, बदललेल्या प्रती वाटायची. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ मधलं. दोन्ही गटांत तात्त्विक भांडणं पुष्कळ आहेत, पण लायसन्सं बहुतेक तीच. विकण्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

२. माझा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांना दिसतोय. मग वेगळं लायसन्स कशाला?

कारण दिसणं म्हणजे परवानगी नव्हे. अंगणातलं आंब्याचं झाड रस्त्यावरून दिसतं, म्हणून कैऱ्या कोणी तोडत नाही. (बरं, तोडतात. पण त्यांना माहीत असतं की झाड आपलं नाही.)

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’त मोडतो. कोड लिहिला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो. अर्ज नको, फी नको, तो गोल ‘सी’ही नको. आणि तो तुमच्या मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं टिकतो. म्हणजे लायसन्स न लावता कोड टाकलात तर तुमच्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत कोणालाही तो कायदेशीरपणे वापरता येणार नाही. गिटहबच्या अटींनुसार तिथल्या तिथे पाहता आणि फोर्क करता (स्वतःच्या खात्यात त्याची प्रत घेता) येतो, तेवढंच.

शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला तिच्या प्रोजेक्टसाठी नेमका हवा तसा मराठी शुद्धलेखन तपासणीचा कोड सापडला होता. लायसन्स नव्हतं. लेखकाला तीन मेल केले, उत्तर नाही. शेवटी तिने दोन महिने घालून तेच पुन्हा लिहिलं. लेखकाची द्यायची इच्छा असणारच, नाहीतर त्याने टाकला कशाला असता? लिहून द्यायचं राहिलं, एवढंच.

३. बरं, लायसन्स द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कुठे नोंदवावं लागतं का?

कुठेही नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० प्रमाणे लायसन्स लेखी हवं, बस. करायचं ते असं: लायसन्सचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा एका फाइलीत टाकून ती प्रकल्पाच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ठेवा. तुमचं नाव आणि साल घाला. मग प्रत्येक कोड फाइलीच्या डोक्यावर एका ओळीत लायसन्सचं ठरलेलं लघुनाव लिहा. ही लघुनावं एसपीडीएक्स नावाच्या यादीत मिळतात. ही ओळ कंटाळवाणी वाटते, पण लोक अख्खा प्रकल्प उचलत नाहीत, एखादी फाइल उचलतात, आणि मग ती कुठून आली हे सांगायला तेवढी एक ओळच उरते.

रीडमी या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत ‘कोणीही वापरा, मजा करा’ असं लिहून भागवू नका. वापरा म्हणजे बदला का? विका का? तुम्हाला कोर्टात खेचू नका का? तयार लायसन्सांत या सगळ्याची उत्तरं असतात. त्यातला मोठ्या अक्षरांतला ‘कोणतीही हमी नाही’ हा परिच्छेद तर तुमच्यासाठीच आहे. माझ्या प्रोग्रामने कोणाच्या चेकवर ‘लाख’च्या जागी ‘हजार’ छापलं तर बँकेत मला उभं राहायचं नाहीये.

४. एमआयटी, बीएसडी, ॲपॅची, जीपीएल, एमपीएल... डोकं फिरतं. फरक काय?

घराणी दोनच.

विरजणाचं उदाहरण घ्या. शेजारीण वाटीभर विरजण देते. पहिल्या प्रकारची शेजारीण म्हणते, ‘ने, काहीही कर, फक्त माझं नाव सांग.’ तुम्ही दही लावा, श्रीखंड करून डब्यात बंद करून विका, कृती गुप्त ठेवा, तिची हरकत नाही. एमआयटी, बीएसडी आणि ॲपॅची २.० ही या घराण्यातली. अट मुख्यतः एकच: मूळ नाव आणि लायसन्सचा मजकूर पुसायचा नाही. ॲपॅची जास्त लांब आहे, कारण तिच्यात पेटंटचीही परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे. तुम्हीच पेटंटचा दावा ठोकलात तर ती परवानगी जाते.

दुसऱ्या प्रकारची शेजारीण म्हणते, ‘ने, विकलंस तरी चालेल. पण ज्याला दही देशील त्याला विरजणही द्यायचं, कृतीही सांगायची, आणि त्यालाही हीच अट.’ याला कॉपीलेफ्ट म्हणतात. जीपीएल ही या घराण्याची कर्ती: पहिली आवृत्ती १९८९, दुसरी १९९१, तिसरी २००७. गंमत अशी, की ही अट चालते ती कॉपीराइटच्याच जोरावर. कायदा नसता तर कॉपीलेफ्टही नसतं.

मधल्या पायऱ्या आहेत. एमपीएल २.० फाइलीपुरती बोलते: माझी फाइल बदललीत तर ती फाइल उघडी ठेवा, शेजारच्या तुमच्या फाइली तुम्ही बघून घ्या. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स तिच्यावर आहेत. एलजीपीएल लायब्ररींसाठी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना जोडायच्या तयार कोडसाठी आहे. लायब्ररीत केलेले बदल द्यायचे, पण तिला नुसता जोडलेला तुमचा प्रोग्राम बंद, म्हणजे कोड न दाखवता, ठेवता येतो. मात्र वापरणाऱ्याला लायब्ररीची नवी आवृत्ती त्या जागी बसवता आली पाहिजे.

५. एवढं नको. मी कोणतं लावू ते सांगा.

छोटी लायब्ररी असेल आणि ती सगळीकडे पोचावी असं वाटत असेल तर ॲपॅची २.०. पूर्ण प्रोग्राम असेल आणि कोणी तो बंद करून आपल्याच लोकांना विकू नये असं वाटत असेल तर जीपीएल ३. सर्व्हरवर चालणारं काही असेल तर एजीपीएल ३ (कारण प्रश्न ७ मध्ये). स्वतःचं लायसन्स स्वतः रचू नका, कृपा करून. आणि आधीच चालू असलेल्या प्रकल्पात भर घालत असाल तर त्यांचं जे आहे तेच.

६. जीपीएलचा कोड वापरला तर माझा सगळा कोड जगाला द्यावा लागतो, असं आमचे मॅनेजर म्हणतात. खरं आहे?

अर्धं. ऑफिसमध्ये सगळ्यात जास्त पसरलेली भीती हीच, म्हणून सविस्तर.

जीपीएलची अट वापरावर नाही, वाटपावर आहे. जीपीएलचा कोड घेऊन, हवा तसा बदलून, तुमच्या कंपनीत वर्षानुवर्षं चालवलात तर कोणालाही काहीही दाखवायची गरज नाही. प्रत बाहेरच्या माणसाच्या हातात दिलीत, मग ती ॲप म्हणून, सीडीवर किंवा एखाद्या यंत्राच्या चिपमध्ये का असेना, की अट सुरू होते. देणं लागता तेही ‘जगाला’ नव्हे, ज्याला प्रत दिली त्याला. दुसऱ्या आवृत्तीत दोन सोपे मार्ग आहेत: प्रोग्रामसोबतच सोर्स (म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड) द्या, किंवा मागेल त्याला देऊ असं किमान तीन वर्षांचं लेखी वचन द्या. अर्थात ज्याला मिळाला तो पुढे जगाला वाटू शकतो, ते तुम्ही अडवू शकत नाही.

‘सगळा कोड’ म्हणजे किती? जीपीएलच्या कोडला जोडून जो एक प्रोग्राम बनतो, तो अख्खा. त्याच हार्ड डिस्कवर शेजारी नांदणारा वेगळा प्रोग्राम नव्हे. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर तुमचं टॅलीसारखं बंद सॉफ्टवेअर चालवलं म्हणून ते जीपीएल होत नाही. लिनक्सच्या कर्नलसोबत (म्हणजे गाभ्यासोबत) तसा खुलासाच जोडलेला आहे.

वाटप केलं आणि सोर्स दिला नाही तर काय होतं, याचं जुनं उदाहरण राउटरचं. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरमध्ये आत लिनक्स आहे, हे २००३ मध्ये लोकांनी शोधून काढलं. निळा-काळा, दोन शिंगांचा डबा, पाहिला असेल. त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली होती, म्हणजे घोंगडं सिस्कोच्या गळ्यात. शेवटी सोर्स बाहेर आला आणि त्यावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, जो आज शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतो. डबा मात्र पुढे कित्येक वर्षं विकला गेला, कारण त्यात हवं ते बसवता येतं म्हणून लोक तोच मागू लागले. मॅनेजरना हा भागही सांगा.

७. मी सॉफ्टवेअर कोणाला देतच नाही, माझ्या सर्व्हरवर चालवतो आणि लोक ब्राउझरमधून वापरतात. मग?

साध्या जीपीएलखाली काही द्यावं लागत नाही, कारण प्रत कोणाच्या हातात गेलीच नाही. खानावळीत जेवून गेलेल्याला विरजण मागता येत नाही, तसं. ही फट बुजवायला एजीपीएल आहे, तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २००७ ची. तिच्या तेराव्या कलमानुसार, तुम्ही प्रोग्राम बदललात आणि लोक नेटवर्कवरून तो वापरत असतील, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स मिळायची सोय हवी. न बदलता चालवलात तर हे कलम तुम्हाला काही करायला लावत नाही, ही गोष्ट बरेच जण विसरतात.

८. दोन वेगवेगळ्या लायसन्सचा कोड एकत्र करता येतो का?

कधी येतो, कधी नाही, आणि बऱ्याचदा एकाच दिशेने येतो. एमआयटीचा कोड जीपीएलच्या प्रकल्पात जातो. उलटं केलंत तर जोडून झालेला अख्खा प्रोग्राम जीपीएलखालीच द्यावा लागतो. ॲपॅची २.० चा कोड जीपीएल ३ मध्ये चालतो, जीपीएल २ मध्ये चालत नाही, कारण ॲपॅचीच्या पेटंटच्या अटी दुसऱ्या आवृत्तीला ‘जादा अटी’ वाटतात.

म्हणून जीपीएलखालचा प्रकल्प दिसला की आधी एक शेपूट शोधा: ‘किंवा नंतरची कोणतीही आवृत्ती’. ते असेल तर दोनवरून तीनवर उडी मारता येते आणि ॲपॅचीशी जमतं. नसेल तर नाही. लिनक्स कर्नल मुद्दाम ‘फक्त आवृत्ती २’ वर आहे. माझा प्रोग्राम निष्काळजीपणाने ‘फक्त आवृत्ती २’ वर होता. दुसऱ्या कुठल्या तरी फाइलीवरून मथळा उचलून चिकटवला होता, वाचलाही नव्हता. त्याचं काय झालं ते प्रश्न १२ मध्ये.

९. मुक्त सॉफ्टवेअर विकता येतं का? मग घेणारा पुढे फुकट वाटेल, त्याचं काय?

येतं. स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या टेप १५० डॉलरला एक अशा विकत होते आणि त्यावर घर चालवत होते. घेणारा पुढे वाटू शकतो, हे खरं. म्हणून धंदा प्रतीवर कमी आणि कामावर जास्त चालतो: बसवून देणं, शिकवणं, वर्षभर फोन उचलणं. पावती प्रिंटरवर आडवी छापली जात असेल तेव्हा दुकानदार सोर्स वाचत नाही, फोन करतो. याच कामावर उभी राहिलेली रेड हॅट कंपनी विकत घ्यायला आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजले.

१०. मी ‘फक्त शिक्षणासाठी, व्यावसायिक वापराला बंदी’ अशी अट घालू का?

घालू शकता, कोड तुमचा आहे. पण मग त्याला मुक्त किंवा ओपन सोर्स म्हणू नका. मुभा क्रमांक शून्य तिथेच संपली. शिवाय ‘व्यावसायिक’ कुठे सुरू होतं हे ठरवता ठरवता नाकी नऊ येतात. फी घेणारी शाळा? देणगीची पावती फाडणारं देऊळ? शिकवणी घेणाऱ्या ताई?

चांगल्या हेतूच्या अटींचंही हेच. जेसॉन या माहिती मांडायच्या पद्धतीच्या कोडच्या मूळ लायसन्समध्ये ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नाही’ अशा अर्थाची एक ओळ होती. बहुतेकांना हसू आलं, पण स्टॉलमन यांनी काढलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्या एका ओळीपायी ते लायसन्स मुक्त मानलं नाही. चांगलं काय ते कोण ठरवणार?

मोठ्या कंपन्यांची नवी तऱ्हा म्हणजे सोर्स दाखवायचा, पण स्पर्धकाने तो सेवा म्हणून विकू नये अशी अट घालायची. मोंगोडीबीने २०१८ मध्ये तसं केलं, हाशीकॉर्पने २०२३ मध्ये. त्याचे परिणाम प्रश्न १३ मध्ये.

११. मी नोकरी करतो. रात्री घरी लिहिलेला कोड माझा की कंपनीचा? आणि फ्रीलान्सरचं काय?

लायसन्स देण्याचा हक्क मालकाला, म्हणून हा प्रश्न सगळ्याच्या आधीचा. कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं, नोकरीच्या कामाच्या ओघात लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. रात्री, स्वतःच्या लॅपटॉपवर, कामाशी संबंध नसलेलं लिहिलं असेल तर ते ‘ओघात’ येत नाही. पण तुमचं नेमणूकपत्र काढून बघा. ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही कंपनीचं’ असं वाक्य पुष्कळदा सहाव्या-सातव्या पानावर झोपलेलं असतं. असेल तर एचआरकडून त्या एका प्रकल्पापुरती लेखी परवानगी घ्या. मेलही चालेल, तोंडी नको.

फ्रीलान्सर नोकर नसतो. त्याने लिहिलेला कोड, पैसे पूर्ण मिळाले तरी, लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याचाच. आणि हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पुण्यातल्या किती तरी छोट्या कंपन्यांना हे ऐकून घाम फुटतो. म्हणून कोणी ‘आम्ही आमचं जुनं सॉफ्टवेअर ओपन सोर्स करतोय’ म्हणालं की मी आधी विचारतो, ते लिहिलं कोणी?

१२. लोकांनी पाठवलेले बदल घेतले. आता लायसन्स बदलायचंय. त्यांना विचारावं लागेल?

हो, प्रत्येकाला. वेगळा करार नसेल तर ज्याने जो तुकडा लिहिला तो त्याच्या मालकीचा राहतो.

माझी गोष्ट. पावत्यांच्या एका प्रकल्पाला माझा प्रोग्राम त्यांच्या ॲपॅचीच्या कोडमध्ये जोडायचा होता आणि माझ्या ‘फक्त आवृत्ती २’ मुळे ते जमेना. बदलायचं ठरवलं. तोवर पाच जणांचे बदल आत आले होते. चौघांनी दोन दिवसांत होकार दिला. पाचव्याचा मेल परत आला: पत्ताच बंद. त्याने काय लिहिलं होतं? १,५०,००० ला कुठे ‘दीड लाख’ म्हणायचं आणि कुठे ‘एक लाख पन्नास हजार’, ते ठरवणारा चाळीसेक ओळींचा भाग. चेकवर दीड चालत नाही, पत्रिकेत चालतं. सुंदर काम होतं. ते काढून टाकलं, आणि तो कोड कधीच न पाहिलेल्या एका मैत्रिणीने नियम कागदावर मांडून नव्याने लिहिलं. त्यात तीन आठवडे गेले. मूळच्याची सर आजही नाही. अडीचशेला ते अडखळतं.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या मंडळींनी २०११-१२ मध्ये जीपीएलवरून एलजीपीएलकडे जाताना हेच काम शेकडो लोकांसाठी केलं, एकेकाला शोधून. त्यापुढे माझी चाळीस ओळींची रडकथा काहीच नाही.

पुढच्यासाठी उपाय: बदल पाठवतानाच प्रत्येकाकडून ‘हे मी लिहिलंय आणि या लायसन्सखाली देतोय’ अशी सहीची ओळ घ्या. लिनक्समध्ये २००४ पासून ही पद्धत आहे. त्याने लायसन्स बदलायचा हक्क मिळत नाही, पण कोणाचं काय ते स्पष्ट राहतं. हक्कच हवा असेल तर वेगळा करार लागतो, आणि तो पाहून काही जण बदल पाठवायचेच थांबतात. मी करार घेत नाही.

१३. एकदा दिलेलं लायसन्स परत घेता येतं का?

बाहेर गेलेल्या आवृत्तीचं, व्यवहारात, नाही. ज्याने प्रत घेतली तो अटी पाळतोय तोवर त्याचे हक्क राहतात. पुढच्या आवृत्तीला वेगळं लायसन्स लावता येतं, सगळा कोड तुमचा असेल तर (प्रश्न १२).

पण मग लोक शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून वेगळी चूल मांडू शकतात. हाशीकॉर्पने टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बदललं आणि काही आठवड्यांत ओपनटोफू निघालं. इलॅस्टिक कंपनीने २०२१ मध्ये बदललं, तर ॲमेझॉनने ओपनसर्च काढलं. २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला.

१४. मला हक्कच नको. सगळं सोडून देता येतं?

येतं. कलम २१ प्रमाणे कॉपीराइट निबंधकांना सूचना देऊन किंवा जाहीर सूचनेने कर्ता आपले हक्क सोडू शकतो. जाहीर सूचनेची सोय २०१२ च्या दुरुस्तीत आली. कर्ता म्हणून नाव सांगण्याचा कलम ५७ मधला हक्क वेगळा आहे, तो कॉपीराइट दिला तरी राहतो. खरं सांगायचं तर एमआयटी लावा आणि झोपा.

१५. ही सगळी अमेरिकन लायसन्सं. कोर्टात टिकतात का? भारतात?

जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएलच्या बाजूने मनाई हुकूम दिला. अमेरिकेत २००८ मध्ये जेकबसन विरुद्ध कॅटझर हा खटला गाजला, तोही कशावरून, तर मॉडेल रेल्वे चालवायच्या हौशी सॉफ्टवेअरवरून. वरच्या न्यायालयाने सांगितलं की फुकट दिलेल्या लायसन्सच्या अटीही खऱ्या अटी आहेत आणि त्या मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो.

भारतात एक बारीक खाच आहे. कलम ३०अ मुळे हस्तांतराचे नियम लायसन्सलाही लागतात, म्हणजे प्रश्न ११ मधली ‘मुदत नसेल तर पाच वर्षं, प्रदेश नसेल तर भारत’ ही गोष्ट इथेही डोकावते. ॲपॅची २.० मध्ये ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द आहेत. जीपीएल ३ कॉपीराइटच्या मुदतीइतकी परवानगी देते. एमआयटी दोन्हींबाबत गप्प आहे. माझ्या एमआयटीखालच्या प्रकल्पांत मी रीडमीमध्ये एक वाक्य घालतो: ही परवानगी कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि सर्व देशांसाठी आहे. शाईचा खर्च नाही.

१६. लायसन्स मराठीत लिहिलं तर चालेल?

कायद्याची भाषेला हरकत नाही. पण जीपीएलचं अधिकृत रूप इंग्रजीच. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन भाषांतरांना समजून घेण्यापुरतं मानतं. म्हणून मूळ इंग्रजी फाइल ठेवा आणि शेजारी ‘सोप्या मराठीत अर्थ’ अशी वेगळी फाइल, वर ‘हा अधिकृत मजकूर नाही’ असं लिहून. युरोपीय संघाचं ईयूपीएल लायसन्स २३ भाषांत अधिकृत आहे, तेव्हा अशक्य काही नाही. भारतात असं कोणी मनावर घेतलं तर पहिली प्रूफं मी तपासून देईन.

१७. फॉन्टचं काय? मुक्ता फॉन्टमध्ये लग्नपत्रिका छापून विकली तर पैसे द्यायचे?

नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता ओएफएल या फॉन्टांसाठीच्या मुक्त लायसन्सखाली आहे आणि ओएफएल स्पष्ट सांगतं की फॉन्ट वापरून केलेल्या कागदपत्रांना त्याच्या अटी लागत नाहीत. पत्रिका, पुस्तक, दुकानाची पाटी, खुशाल करा. फॉन्ट बदलून वाटताही येतो. अटी दोन लक्षात ठेवा: नुसता फॉन्ट एकटा विकायचा नाही (सॉफ्टवेअरसोबत दिला तर चालतो), आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते लावायचं नाही.

फॉन्टला जीपीएल लावली की पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, मग पीडीएफही जीपीएल का, असा घोळ होतो; त्यासाठी खास सूट लिहावी लागते. लोहित देवनागरी हा फॉन्ट आधी जीपीएलवर होता, पुढे ओएफएलवर गेला.

१८. कोड मुक्त आहे, मग नाव आणि लोगोही वापरू का?

नाही, तो ट्रेडमार्कचा विषय. फायरफॉक्सचा कोड मुक्त असूनही डेबियन या लिनक्स प्रकल्पाचं २००६ मध्ये नावावरून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाशी जमेना, तेव्हा त्यांनी तेच ब्राउझर ‘आइसवीझल’ नावाने दिलं, थेट २०१६ पर्यंत. ‘फायर’च्या, म्हणजे अग्नीच्या, जागी ‘आइस’ म्हणजे हिम, आणि ‘फॉक्स’च्या, म्हणजे कोल्ह्याच्या, जागी ‘वीझल’ हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी. रुसावं तर असं.

१९. एकाने माझा जीपीएलचा ॲप नाव पुसून प्ले स्टोअरवर टाकलाय, जाहिरातींसकट. काय करू?

जाहिराती त्याला चालतात (प्रश्न ९), नाव पुसणं आणि सोर्स न देणं चालत नाही. आधी पुरावे: त्याच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट, ॲपची फाइल उतरवून ठेवा. आत तुमचेच जुने चुकीचे शब्द सापडतात का बघा. माझ्या एका नक्कलकाराकडे ‘एकोणऐंशी’ माझ्याच टंकनचुकीसकट निघालं होतं. मग शांत मेल: हे लायसन्स, या अटी, एवढं दुरुस्त करा. जीपीएल ३ मध्ये पहिल्यांदाच चूक करणाऱ्याने सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारलं तर त्याचे हक्क परत येतात. बहुतेक जण अज्ञानाने चुकतात आणि सुधारतात. नाही ऐकलं तर स्टोअरकडे कॉपीराइटची तक्रार. वकिलाची नोटीस तिसरी.

२०. एआयने लिहून दिलेल्या कोडला लायसन्स लावू का?

आपला कायदा संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती असं म्हणतो, तेव्हा तुम्ही. पण कोणाच्या जीपीएल कोडचा ओळखीचा तुकडा तसाच्या तसा बाहेर आला, तर त्यावर मालकी त्याचीच. लांबलचक, फार सफाईदार, वर दुसऱ्याच शैलीतल्या टिपा असलेला तुकडा मिळाला की तो एकदा शोधून बघा.

२१. तुमच्या प्रोग्रामचं लायसन्स आता काय? आमच्या पतसंस्थेत वापरू का?

ॲपॅची २.०, प्रश्न १२ मधल्या खटाटोपानंतर. वापरा, बदला, पैसे घेऊन दुसऱ्या पतसंस्थेला बसवून द्या. मला कळवायचंही बंधन नाही. फक्त ९९ ला ‘नव्याण्णव’ हवं की ‘नव्व्याण्णव’, ते सेटिंगमध्ये तुमचं तुम्ही निवडा. त्यावर आलेली पत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि त्यांना मी उत्तरं देत नाही.